सहा मार्टिनी, एक पेला दूध : ‘थिन मॅन’ मालिका का थांबली?

प्रश्न असा आहे : विल्यम पॉवेल आणि मिर्ना लॉय यांची ‘थिन मॅन’ ही विनोदी डिटेक्टिव्ह मालिका १९३४ ते १९४७ अशी तेरा वर्षं चालली, सहा चित्रपट निघाले, लोकांना जोडी आवडत होती, मग ती बंद का केली? पॉवेलचं वय झालं म्हणून, की शेवटचा चित्रपट पडला म्हणून?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. मी बावीस वर्षं टीव्ही मालिका लिहिते आहे आणि त्यातली बरीच वर्षं गुन्हे-तपासाच्या मालिकांवर गेली. चालती मालिका कशी विझते हे मी स्क्रिप्ट लिहिता लिहिताच तीनदा पाहिलं आहे. त्यामुळे माझं उत्तर लेखकाच्या बाजूने झुकलेलं असेल, ते तसंच धरा. या मालिकेच्या घसरणीची तारीख मी १९४७ ची धरत नाही, १९३६ ची धरते. दुसऱ्या चित्रपटाच्या अगदी शेवटी नोरा आगगाडीच्या डब्यात बसून काहीतरी विणत असते. निक बघत राहतो. शेवटी त्याच्या लक्षात येतं की तो बाळाचा मोजा आहे. आणि नोरा म्हणते, म्हणे डिटेक्टिव्ह! प्रसंग गोड आहे, थिएटरात लोक हसलेच असतील. पण गाडं फसलं ते तिथेच.

ते का, हे सांगायला आधी मालिका कशावर चालत होती ते बघायला हवं.

मालिका ज्यावरून निघाली ती डॅशिअल हॅमेटची ‘द थिन मॅन’ ही कादंबरी १९३४ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात एमजीएम स्टुडिओचा चित्रपट तयार! दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक हा एका टेकमध्ये काम उरकणारा म्हणूनच प्रसिद्ध होता. शूटिंग दोनेक आठवड्यांत आटोपलं आणि खर्च आला सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास. एमजीएमच्या मानाने हे किरकोळ काम. त्यातून ऑस्करची चार नामांकनं आली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही त्यात. (नावातला ‘बारीक माणूस’ म्हणजे गोष्टीतला बेपत्ता संशोधक. डिटेक्टिव्हचा त्या नावाशी काही संबंध नाही. पण लोकांनी ते नाव पॉवेललाच चिकटवलं आणि स्टुडिओने पुढच्या पाचही चित्रपटांना तेच लावून टाकलं.)

निक चार्ल्स हा निवृत्त डिटेक्टिव्ह. बायको नोरा सॅन फ्रान्सिस्कोची श्रीमंत वारसदार. तिच्या पैशांवर तो सुखात आहे, आणि त्याला त्याची लाज वाटत नाही, तिलाही वाटत नाही. नाताळात दोघं न्यूयॉर्कला आलेत, हॉटेलात उतरलेत, बरोबर एक फॉक्स टेरियर. आता तो बारमधला प्रसंग आठवा. नोरा कुत्र्यामागे ओढली जात, हातातल्या खरेदीच्या पुडक्यांसकट भरल्या हॉटेलात सपशेल पालथी पडते. उठते, टोपी सावरते आणि नवऱ्याशेजारी येऊन बसते. तुझं किती झालं, असं विचारते. तो म्हणतो, हा सहावा. नोरा वेटरला शांतपणे सांगते की आणखी पाच मार्टिनी आण आणि इथे माझ्यासमोर ओळीने मांड.

त्या ऑर्डरमध्ये सगळा संसार आला. ‘किती पितोस’ नाही, ‘घरी चल’ नाही. मागे पडलेय ना, मग बरोबरी करते. त्या काळचा हॉलिवूडचा प्रेमपट लग्नाशी संपायचा, आणि लग्नानंतरची गोष्ट म्हणजे भांडण किंवा भानगड. इथे लग्न झालेली दोन माणसं एकमेकांच्या संगतीत मजेत आहेत, इतकंच. पटकथा लिहिणारे अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच हेही नवरा-बायकोच होते. व्हॅन डाइकने त्यांना सांगितलं होतं की खुनाच्या गुंत्याची फार फिकीर करू नका, मला या दोघांचे प्रसंग द्या. खुनी कोण हे तो चित्रपट पाहून आठवड्याने मला आठवत नाही, आणि मी पाच-सहा वेळा पाहिलाय.

आणखी एक गोष्ट लेखक म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. निकला केस नको असते. तो निवृत्त आहे, त्याला पुढचा पेला हवाय. केस हवी असते नोराला. खून, पोलीस, गुंड हे सगळं तिला सर्कशीसारखं वाटतं, म्हणून ती नवऱ्याला ढकलते. मालिकेचं इंजिन ते हेच. पैशाची गरज नाही, नोकरी नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही, आणि बायको म्हणते, जा ना, बघ ना काय झालंय ते. यात जबाबदारीचा एक खडा पडला की इंजिन खडखडायला लागतं.

या बेफिकिरीला काळाचीही साथ होती. अमेरिकेतली दारूबंदी उठली ५ डिसेंबर १९३३ ला, आणि सहा महिन्यांत हा चित्रपट पडद्यावर. तेरा वर्षं चोरून प्यायलेल्या देशाला निक-नोराचं उघड, हसतखेळत पिणं म्हणजे सणच वाटला असणार. शिवाय हॉलिवूडची सेन्सॉर-संहिता कडकपणे लागू झाली ती १९३४ च्या जुलैपासून, म्हणजे हा चित्रपट दार लागायच्या आधी आत शिरला. काही जण मालिका मंदावल्याचं खापर त्या संहितेवर फोडतात. मला ते पटत नाही. दुसरा चित्रपट पूर्णपणे संहितेच्या काळातला आहे आणि तो पहिल्याच्या तोडीचा आहे. पटकथेला नामांकनही मिळालं. चतुर लेखकाला सेन्सॉर फार नडत नाही. त्याला नडतो कंटाळा.

हॅकेट आणि गुडरिच कंटाळले होते. यश मिळालं की स्टुडिओ दुसरा भाग मागतो, दुसरा चालला की तिसरा, आणि प्रत्येक वेळी नवा खून, नवे सहा संशयित, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून निकचं भाषण. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी निक आणि नोराला मारूनच टाकावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणजे पुन्हा कोणी मागायला नको. स्टुडिओ अर्थातच तसं करू देणार नव्हता. मग मारण्याऐवजी त्यांनी बाळ दिलं. तो मोजा म्हणजे थकलेल्या लेखकांनी हळूच लावलेली कडी होती.

मूळ बापही तेवढाच विटला होता. हॅमेटने पुढच्या दोन चित्रपटांची कथानकं दिली, आणि १९३७ मध्ये या पात्रांचे कायमचे हक्क एमजीएमला ४०,००० डॉलरला विकून टाकले. त्या सुमारास एका पत्रात त्याने लिहिलं की इतकी आत्मसंतुष्ट, असह्य जोडी दुसऱ्या कोणत्या लेखकाने निर्माण केली नसेल. ‘थिन मॅन’नंतर त्याची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही.

इथे माझ्याकडचं एक सांगते. एका मालिकेत माझी नायिका पोलीस निरीक्षक होती आणि नवरा वार्ताहर. दोघांची जुगलबंदी हाच ट्रॅकचा प्राण. टीआरपीचे आकडे बरे होते, पण फार वर जात नव्हते. वाहिनीकडून मीटिंगमध्ये नोट आली : घरातल्या बायका कनेक्ट होत नाहीत, बाळ आणा. वाहिनीचं नाव सांगत नाही, कारण ही नोट कुठूनही येऊ शकते. आम्ही बाळ आणलं. पहिले दोन आठवडे बारसं, पाळणा, आत्याबाई, आकडे वर. त्यानंतर मी रोज सकाळी वन-लायनर (भागाचा थोडक्यात आराखडा) लिहायला बसले की पहिला प्रश्न : बाळ कुठे आहे? नायिका रात्री अकराला गोदामात आरोपीच्या मागे, मग बाळ कोणाजवळ? आजीला आणलं. आजीला आणलं तर आजीचे प्रसंग लिहावे लागले. नवरा पूर्वी म्हणायचा, ‘मीही येतो’. आता म्हणायला लागला, ‘सांभाळून जा’. चार महिन्यांत माझी जुगलबंदी गेली. सेटवर तर त्या एका बाळासाठी जुळी आणावी लागत, एक रडलं की दुसरं, आणि दोन्ही रडली की शिफ्ट वाया.

निक-नोराचं नेमकं हेच झालं. तिसरा चित्रपट आला १९३९ मध्ये. मधली तीन वर्षं पॉवेलची फार वाईट गेली होती. जिच्याशी त्याचं जमलं होतं ती जीन हार्लो १९३७ च्या जूनमध्ये अवघ्या २६ व्या वर्षी गेली, आणि १९३८ मध्ये त्याला स्वतःला कॅन्सर निघाला. तो त्यातून वाचला आणि निक म्हणून परतला, याचा प्रेक्षकांना आनंद इतका होता की चित्रपटाचे दोष कोणी मोजले नसतील. पण बघा, नोरा आता कोणाला ढकलणार? मूल घरात असताना नवऱ्याला गोळीबारात पाठवणारी बायको गमतीची राहत नाही. म्हणून नोराच्या हातातलं काम हळूहळू गेलं. ती मागे राहायला लागली. हॅकेट-गुडरिच हे काम संपवून एमजीएम सोडून गेले आणि या मालिकेकडे पुन्हा फिरकले नाहीत. पुढे ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’च्या पटकथेत त्यांचा हात होता, आणि ‘द डायरी ऑफ अॅन फ्रँक’ या नाटकाला तर पुलित्झर मिळालं. म्हणजे लेखणी आटली नव्हती. ते फक्त या दळणाला विटले होते.

चौथा चित्रपट, १९४१, नव्या लेखकांचा. त्यातला एकच प्रसंग सांगते, तो पुरे. जेवणाचं टेबल. छोटा निक हट्ट धरून बसलाय की बाबांनीही माझ्यासारखं दूध प्यायचं. आणि विल्यम पॉवेल, ज्याने पहिल्या चित्रपटात बारमनला शिकवलं होतं की मॅनहॅटन हे कॉकटेल फॉक्सट्रॉट नाचाच्या ठेक्यावर हलवायचं आणि ड्राय मार्टिनी वॉल्ट्झच्या, तो समोरचा दुधाचा पेला उचलतो आणि एरंडेल घ्यावं तसा घेतो. पॉवेल त्यात अप्रतिम आहे. पण आता हा वेगळाच विनोद आहे. आधी आपण त्याच्याबरोबर जगाला हसत होतो, आता त्याला हसतोय. सात वर्षांत सहा मार्टिनींचा एक पेला दूध झाला. पाचव्या चित्रपटात तर बाटलीत सफरचंदाची सायडर आहे, कारण गावी वडिलांना दारू आवडत नाही, आणि बाहेर युद्धामुळे दारूची टंचाई. मालिका बघताना त्याच्या हातातल्या पेल्यावर लक्ष ठेवा, वेगळा आलेख काढायची गरज नाही.

माणसंही एकेक करून गळाली. चौथा चित्रपट लागला आणि महिन्याच्या आत पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला, अमेरिका युद्धात. निर्माता हंट स्ट्रॉमबर्ग १९४२ मध्ये एमजीएम सोडून गेला. हॅमेट सैन्यात भरती झाला. मिर्ना लॉय अभिनय बाजूला ठेवून रेड क्रॉसच्या कामाला लागली. व्हॅन डाइक फेब्रुवारी १९४३ मध्ये गेला. दुर्धर आजाराने तो खचला होता आणि त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. हा माणूस गेल्याने काय गेलं ते सांगायला हवं, कारण दिग्दर्शक बदलला एवढंच त्यात नाही. पहिल्या चित्रपटातला पॉवेलचा बारमधला प्रवेश म्हणजे त्याने केलेली तालीम आहे. व्हॅन डाइकने सांगितलं, नुसतं चालून दाखव, काही तरी बोल, दिवे-आवाज बघू. पॉवेलने केलं. संपल्यावर व्हॅन डाइक म्हणाला, झालं, हेच छापा; कॅमेरा चालूच होता. नोराचं ते पालथं पडणंही तसंच : जमिनीवर खूण केली, लॉयला सांगितलं की इथवर घसरत यायचं, आणि घेतला शॉट. या मालिकेतली सहजता हा अपघात नव्हता, ती एका माणसाच्या कामाची रीत होती. पाचवा चित्रपट केला रिचर्ड थॉर्पने, सहावा एडवर्ड बझेलने. दोघंही स्टुडिओचे सवयीचे कारागीर. शॉट बिनचूक. सगळं जिथल्या तिथे. आणि अंगावर इस्त्रीचे कपडे असल्यासारखं.

पाचव्या चित्रपटात छोटा निक शाळेत ठेवलेला आहे, पडद्यावर येतच नाही. मला हे बघून हसू आलं. बाळ कुठे आहे, या प्रश्नावर तिथल्या लेखकांनाही शेवटी तेच सुचलं!

आता सहावा, ‘साँग ऑफ द थिन मॅन’, १९४७. जुगाराच्या जहाजावर बँडच्या म्होरक्याचा खून, आणि तपासासाठी निक-नोरा जॅझवाल्यांच्या दुनियेत. कल्पना वाईट नाही. पण त्या वादकांची भाषा या दोघांना कळत नाही, म्हणून कीनन विनने केलेला एक वादक बरोबर दिलाय, तो अर्थ सांगत फिरतो. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचा प्रत्येक बारमन, खिसेकापू आणि पोलीस निकला नावाने ओळखायचा; तुरुंगात घातलेली माणसंही त्याच्या पार्टीला यायची. आता त्याच शहरात त्याला दुभाषी लागतो. लेखकांनी हे विनोद म्हणून घातलंय, पण प्रेक्षकाला त्यातून एकच कळतं : या लोकांचा जमाना गेला. शिवाय मुलाला (हा डीन स्टॉकवेल, पुढे मोठा नट झाला) चापट मारावी की नाही यावर एक आख्खा प्रसंग. लॉयने पुढे आत्मचरित्रात या शेवटच्या चित्रपटाबद्दलची नाराजी लपवली नाही. तिच्या म्हणण्याचा मतितार्थ असा की पात्रांमधली चमक गेली होती, आणि ही गोष्ट कशाची आहे हे ज्यांना कळत होतं ती माणसं तिथे उरली नव्हती.

पैशाचं आता. एमजीएमच्या हिशेबात या चित्रपटाचा खर्च १६ लाख डॉलरच्या पुढे गेला होता. वितरणातून साधारण २३ लाख आले. मग तोटा कसा, असं कोणी विचारेल. तर प्रिंटा, जाहिरात आणि वितरणाचा खर्च त्यातूनच जातो. तो वजा जाता सव्वा लाख डॉलरच्या आसपास खोट. एमजीएमला एवढी खोट झेपली असती. पण जे चित्र पहिल्यांदा सव्वादोन लाखांत झालं, त्याच घरगुती गमतीला सातपट पैसे लागत असतील तर हिशेबनीस प्रश्न विचारणारच. १९४६ हे अमेरिकी थिएटरांच्या भरभराटीचं शिखर होतं आणि १९४७ पासून उतार लागला होता.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. एमजीएमच्या जवळजवळ सगळ्या मालिका याच दीड वर्षात थांबल्या. अँडी हार्डी १९४६ च्या अखेरीस (नंतर १९५८ मध्ये एकदाच परत आला), मेझी १९४७, डॉक्टर गिलेस्पी १९४७, आणि ‘थिन मॅन’ १९४७. हा योगायोग वाटत नाही. मालिका स्टुडिओला का आवडायच्या? थिएटरवाल्याला चित्रपट गठ्ठ्याने विकले जायचे, न पाहता. गठ्ठ्यात ओळखीचं नाव असलं की बाकीचा मालही खपतो. या पद्धतीवर सरकारने खटला भरला होता. १९४० मध्ये गठ्ठा पाच चित्रपटांवर आला, १९४६ च्या निकालाने गठ्ठाविक्रीच बेकायदा ठरली, आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिएटरांची मालकीही स्टुडिओंच्या हातून काढायची वाट मोकळी केली. प्रत्येक चित्रपट आपल्या पायावर विकायचा म्हटल्यावर ‘यंदाचा आणखी एक’ याला बाजार राहिला नाही.

आवडही बदलली होती. युद्ध पाहून परतलेल्या माणसाला खून ही हसण्याची गोष्ट वाटेनाशी झाली. ‘डबल इंडेम्निटी’, ‘द बिग स्लीप’ हे चित्रपट तोवर येऊन गेले होते. डिटेक्टिव्ह एकटा, घामेजलेला, कोणावर विश्वास न ठेवणारा. गंमत म्हणजे त्या सगळ्याचा एक उगम हॅमेटच्याच ‘माल्टीज फाल्कन’मध्ये आहे. त्याच्या एका मुलाने दुसऱ्याला घराबाहेर काढलं म्हणा ना.

आणि वय? पॉवेल १९४७ मध्ये ५५ वर्षांचा झाला, लॉय ४२ ची. पण त्याच वर्षी ‘लाइफ विथ फादर’साठी पॉवेलला ऑस्करचं नामांकन होतं, आणि लॉय आदल्या वर्षी ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये होती, जो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दोन्ही भूमिका घरसंसारातल्या, वयाला साजेशा, आणि दोन्ही एमजीएमच्या बाहेर. त्यांना कामं नव्हती असं नाही. चांगली कामं दुसरीकडे मिळत होती. त्यांनी एकूण चौदा चित्रपट एकत्र केले, त्यातला शेवटचाही १९४७ चाच : पॉवेलच्या ‘द सिनेटर वॉज इनडिस्क्रीट’मध्ये लॉय अगदी शेवटी क्षणभर त्याची बायको म्हणून येऊन जाते. त्या क्षणभरात सहाव्या ‘थिन मॅन’पेक्षा जास्त निक-नोरा आहे.

पात्रांचे हक्क स्टुडिओकडेच होते, त्यामुळे नाव काही मेलं नाही. रेडिओवर मालिका १९५० पर्यंत चालली, टीव्हीवर १९५७ ते १९५९ पीटर लॉफर्ड आणि फिलिस कर्क यांना घेऊन ७२ भाग झाले. त्यात निक आहे, नोरा आहे, अॅस्टा नावाचा कुत्रा आहे. बाळ नाही. कोणीतरी शहाणा लेखक बसला असणार तिथे. (अॅस्टाबद्दल हळहळणाऱ्यांसाठी : चित्रपटांत लाडिक दिसणारं ते कुत्रं, खरं नाव स्किपी, सेटवर कोणाला जवळ करत नसे आणि लॉयला ते एकदा चावलंही होतं.)

बघायला सुरुवात करत असाल तर पहिला आणि दुसरा लागोपाठ बघा. दुसऱ्यात तरुण जेम्स स्टुअर्ट आहे आणि तो कशासाठी आहे ते आधी वाचू नका. तिसरा पॉवेलसाठी. चौथा त्या दुधासाठी, आणि घोड्यांच्या शर्यतीच्या धावपळीसाठी. पाचवा पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी चालून जातो. सहावा बघणारच असाल तर अगदी शेवटपर्यंत बसा. निक जाहीर करतो की निक चार्ल्स आता निवृत्त होतोय. नोरा विचारते, गुन्ह्यांचा नाद सुटला तर? तो म्हणतो, नाही, झोपायला चाललोय.